हायपो की हायपर? : परिचारिकेचा शब्दसंग्रह

‘हायपोग्लायसेमिया’ आणि ‘हायपरग्लायसेमिया’. हे दोन शब्द एकदा घाईघाईनं, मोठ्यानं म्हणून पाहा. दोन्हींमध्ये फरक जेमतेम एका अक्षराचा. पण रुग्णाच्या दृष्टीनं हे शब्द विरुद्ध टोकांना आहेत. पहिल्याचा अर्थ रक्तातली साखर कमी होणं, दुसऱ्याचा अर्थ ती वाढणं. साखर कमी झालेला माणूस शुद्धीवर असेल तर त्याला ताबडतोब साखरपाणी द्यायचं, शुद्धीवर नसेल तर शिरेतून ग्लुकोज. साखर फार वाढली असेल तर उपचार इन्शुलिनचा. आता समजा, रात्रपाळीत फोनवर ‘हायपो’च्या जागी ‘हायपर’ ऐकू आलं आणि साखर आधीच उतरलेल्या माणसाला इन्शुलिन टोचलं गेलं. त्याची साखर आणखी खाली जाईल. मेंदूचं मुख्य इंधन ग्लुकोज हेच. त्यामुळे झटके, बेशुद्धी आणि प्रसंगी मृत्यू, इथपर्यंत मजल जाऊ शकते.

आपल्या शाळांमधून दरवर्षी कितीतरी मुलंमुली बारावीनंतर नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, औषधनिर्माण अशा अभ्यासक्रमांना जातात. त्यांतली बरीचशी मराठी माध्यमातून आलेली असतात. पहिल्याच आठवड्यात इंग्रजी पाठ्यपुस्तकातले लांबलचक शब्द अंगावर येतात. मग एक वही केली जाते, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे अर्थ, आणि पाठांतर सुरू होतं. ही पद्धत कष्टाची आहेच, शिवाय धोक्याचीही आहे. पाठ केलेला शब्द ऐन वेळी विसरतो, आणि त्याच्यासारखाच दुसरा आठवतो. हे शब्द पाठ करण्यापेक्षा सोडवायला शिकणं सोपं आहे, आणि त्यासाठी लागणारं बरंचसं सामान आपण मराठी व्याकरणाच्या तासाला मुलांच्या हातात दिलेलं असतं. ते कसं, हे या लेखात पाहू. आणि नुसतं सोडवून जिथं भागत नाही, त्या जागाही पाहू.

शब्दाची फोड

‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ हा शब्द घ्या. गुडघेदुखीच्या निमित्तानं तो घरोघरी पोचला आहे. त्याचे तीन तुकडे पडतात. ऑस्टिओ म्हणजे हाड, आर्थ्र म्हणजे सांधा आणि आयटिस म्हणजे दाह. गणितात आपण पद सोडवतो तसंच हे आहे. फक्त वाचताना बहुधा शेवटाकडून सुरुवात करायची. शेवटचा तुकडा काय घडलं ते सांगतो, मधला कुठं घडलं ते सांगतो, आणि सुरुवातीला उपसर्ग असेल तर तो किती, कसं, कुठल्या बाजूला ते सांगतो. हायपो + ग्लायक + एमिया : एमिया म्हणजे रक्तातली स्थिती, ग्लायक म्हणजे गोड, हायपो म्हणजे कमी. रक्तातलं ‘गोड’ कमी झालं आहे!

आता दहा मूळशब्द पाहू : कार्डिओ – हृदय, नेफ्रो – मूत्रपिंड, हेपॅटो – यकृत, गॅस्ट्रो – जठर, आर्थ्रो – सांधा, ऑस्टिओ – हाड, न्यूरो – चेता, मायो – स्नायू, डर्मॅटो – त्वचा, हिस्टेरो – गर्भाशय.

आणि हे आठ प्रत्यय : आयटिस – दाह, अ‍ॅल्जिया – वेदना, पॅथी – विकार, मेगॅली – आकार वाढणं, एक्टॉमी – कापून काढून टाकणं, ऑटॉमी – चीर देणं, प्लास्टी – दुरुस्त करणं किंवा नव्यानं घडवणं, ऑस्कोपी – दुर्बिणीनं आत पाहणं.

दहा गुणिले आठ म्हणजे ऐंशी जोड्या झाल्या. या सगळ्याच प्रचारात नाहीत. ‘हृदय काढून टाकणं’ या अर्थाचा शब्द रोज कुणाला लागणार? पण अठरा तुकडे लक्षात ठेवले की गॅस्ट्रायटिस, हेपटायटिस, नेफ्रायटिस, डर्मटायटिस, न्यूराल्जिया, मायाल्जिया, कार्डिओमेगॅली, हेपॅटोमेगॅली, आर्थ्रोप्लास्टी, आर्थ्रोस्कोपी, हिस्टरेक्टॉमी असे कितीतरी शब्द न शिकताच समजू लागतात. प्रत्येक नवा तुकडा एकाच शब्दाची भर घालत नाही, आधीच्या सगळ्या तुकड्यांशी जोडी जमवून अनेक शब्दांची भर घालतो.

शेवटचे तुकडे मात्र नीट ऐकायला हवेत. ऑटॉमी, एक्टॉमी आणि ऑस्टॉमी ही तीन भावंडं दिसायला सारखी, स्वभावानं वेगळी. ‘स्टोमा’ म्हणजे ग्रीकमध्ये तोंड. कोलेक्टॉमी झालेल्या रुग्णाचं मोठं आतडं, किंवा त्याचा काही भाग, काढून टाकलेला असतो. कोलोस्टॉमी झालेल्या रुग्णाच्या पोटावर मोठ्या आतड्याचं तोंड उघडलेलं असतं आणि मळ तिथून पिशवीत येतो. दोघांची शुश्रूषा वेगळी.

फोड करताना एक प्रश्न मुलं हमखास विचारतात. मूत्रपिंडाला एकदा ‘नेफ्रो’ आणि एकदा ‘रीनल’, फुप्फुसाला एकदा ‘न्यूमो’ आणि एकदा ‘पल्मोनरी’, असं का? याचं उत्तर इतिहासात आहे. पाश्चात्त्य वैद्यकाचे जुने ग्रंथ ग्रीक भाषेत होते. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला हिपोक्रेटिस ग्रीक होता, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा गॅलन लिहीत असे तेही ग्रीकमध्येच. पुढे युरोपात विद्वानांची भाषा लॅटिन झाली. व्हेसॅलियसचा शरीररचनेवरचा प्रसिद्ध ग्रंथ १५४३ साली निघाला तो लॅटिनमध्ये. त्यामुळे साधारणपणे अवयवांची नावं लॅटिन आणि रोगांची, शस्त्रक्रियांची नावं ग्रीक, अशी वाटणी झालेली दिसते. अवयव एक, पण नावं दोन.

उपसर्ग ओळखीचे निघतात

१७८६ साली विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर एक व्याख्यान दिलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून आलेल्या असाव्यात, असं त्यांनी त्यात मांडलं. भाषाशास्त्रानं पुढे ही गोष्ट पक्की केली. या नात्याचा उपयोग नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होऊ शकतो, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही.

हायपर म्हणजे आपला ‘उपरि’, वर, जास्त. हायपो म्हणजे आपला ‘उप’. उपप्राचार्य, उपनगर यांतला ‘उप’ खालची पायरी दाखवतो, तसाच हायपोही. पेरी म्हणजे ‘परि’, सभोवार. परिसर, परिघ, तसं हृदयाभोवतीचं आवरण पेरिकार्डियम. डिस म्हणजे ‘दुस्’ किंवा ‘दुर्’, वाईट किंवा कष्टाचं. दुर्गंध, दुष्काळ, तसं श्वास घ्यायला त्रास होणं म्हणजे डिस्प्निया.

सर्वांत गमतीदार आहे तो नकार. मराठीत व्यंजनाच्या आधी ‘अ’ येतो आणि स्वराच्या आधी ‘अन्’ : अशक्त, अज्ञान, पण अनादर, अनारोग्य. ग्रीकचा नियम हाच आहे. श्वास थांबणं म्हणजे एप्निया, तिथं नुसता ‘अ’. लघवी तयार न होणं म्हणजे अन्युरिया, तिथं पुढे स्वर असल्यामुळे ‘अन्’. ज्या मुलाला ‘अनारोग्य’ या शब्दाची फोड करता येते, त्याला अन्युरियाची फोड शिकवावी लागत नाही.

अवयवांतही नाती सापडतात. ऑस्टिऑन आणि अस्थि, दातांच्या शब्दांतला ओडोंट आणि दंत, लॅटिनमधला गुडघा ‘जेनू’ आणि जानु, ‘नासुस’ आणि नासा. मात्र दोन शब्द सारखे वाटले म्हणून ते नात्यातले असतातच असं नाही. कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे. शब्दकोश पाहून खात्री करावी आणि मगच वर्गात सांगावं.

आणखी एक सावधगिरी. शब्दाची फोड केली की नाव ठेवणाऱ्याला काय वाटलं होतं ते कळतं. शरीरात खरोखर काय घडतं ते कळेलच असं नाही. अ‍ॅनिमियाचा शब्दशः अर्थ ‘रक्त नसणं’. प्रत्यक्षात रक्त असतं, त्यातलं हिमोग्लोबिन कमी असतं. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये ‘वाईट हवा’. दलदलीच्या हवेनं हा ताप येतो असं पूर्वी मानत. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या शरीरात मलेरियाचे परजीवी पाहिले. समज दुरुस्त झाली, नाव तसंच राहिलं. शब्द सोडवणं ही अर्थाकडे जाण्याची पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

फोड जिथं अपुरी पडते

काही शब्दांची जोडी अशी असते की कान चकतो. ‘इलियम’ या एकाच उच्चाराचे दोन अवयव आहेत. एक कमरेचं हाड, दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. इंग्रजी लिखाणात एका अक्षराचा फरक दिसतो, बोलण्यात तोही उरत नाही.

दुसरी जोडी याहून घातक आहे. गिळायला त्रास होणं म्हणजे ‘डिसफेजिया’ आणि बोलण्याची क्षमता बिघडणं म्हणजे ‘डिसफेझिया’. आपण मराठीत दोन्ही ‘ज’नंच लिहितो, त्यामुळे आपल्या वहीत हे शब्द अक्षरशः एक होतात! अर्धांगाच्या झटक्यानंतर रुग्णाला यांतलं एक किंवा दोन्ही होऊ शकतं. गिळता न येणाऱ्या रुग्णाला नेहमीसारखं पेज-पाणी भरवलं तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याची भीती असते. म्हणूनच बोलण्याच्या विकाराला ‘अफेझिया’ म्हणणंच अनेकजण पसंत करतात.

औषधांच्या नावांतही हाच घोळ. हायड्रॅलझीन रक्तदाब उतरवतं, हायड्रॉक्सिझीन खाज आणि अस्वस्थता कमी करतं. अशा जोड्यांमध्ये वेगळा असलेला मधला भागच मोठ्या लिपीत छापायची पद्धत काही ठिकाणी पाळली जाते, म्हणजे नजर फरकावरच जाऊन पडते. आकड्यांचंही तसंच. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ फोनवर वेगळे ओळखू येत नाहीत. त्यामुळे ‘फिफ्टीन’नंतर ‘वन फाइव्ह’ असे सुटे अंक म्हणायचे, आणि ऐकणाऱ्यानं सूचना लिहून घेऊन ती परत वाचून दाखवायची. सांगणाऱ्यानं ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय सूचना पुरी झाली असं समजायचं नाही. लेखाच्या सुरुवातीची हायपो-हायपरची अडचणही अशीच सुटते. नुसतं नाव सांगायचं नाही, आकडा सांगायचा : ‘साखर कमी आहे, अठ्ठेचाळीस, चार आठ.’

चिठ्ठीवरचं लॅटिन

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची अक्षरं इंग्रजी दिसतात, पण त्यांतली बरीच लॅटिन वाक्यांची आद्याक्षरं आहेत. बीडी म्हणजे दिवसातून दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा, क्यूआयडी म्हणजे चारदा. त्यामागचे लॅटिन शब्द बिस, टेर, क्वाटेर. संस्कृतातले द्विः, त्रिः, चतुः त्यांचेच नातेवाईक. एसी म्हणजे जेवणापूर्वी, पीसी म्हणजे जेवणानंतर, एचएस म्हणजे झोपताना, स्टॅट म्हणजे ताबडतोब. ‘एसओएस’ वाचून पुष्कळांना बुडत्या जहाजाची हाक आठवते. चिठ्ठीवर मात्र त्याचा अर्थ ‘गरज पडली तर’ एवढाच असतो. रुग्णाला हे समजावून सांगितलं नाही तर तो एकतर घाबरतो, नाहीतर डोकेदुखीची गोळी ‘अगदी जिवावर बेतल्यावर घ्यायची’ म्हणून ठेवून देतो.

संक्षेपानं वेळ वाचतो, पण अर्थ निसटू शकतो. ‘ओडी’ म्हणजे आपल्याकडे दिवसातून एकदा. अमेरिकेत त्याच दोन अक्षरांचा अर्थ उजवा डोळा. ‘युनिट’साठी नुसतं ‘यू’ लिहिलं आणि घाईत त्याचं तोंड मिटलं, तर ते शून्यासारखं दिसतं आणि १० युनिट इन्शुलिनचे १०० होतात. दशांश चिन्हही असंच फसवतं. १.० मधला ठिपका दिसला नाही तर ते १० होतं. शून्य न लिहिता नुसतं .५ लिहिलं तर ते ५ वाचलं जातं. दोन्ही वेळा चूक दहापट! अमेरिकेत रुग्णालयांची तपासणी करून मान्यता देणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ या संस्थेनं २००४ साली ‘हे संक्षेप वापरू नका’ अशी यादीच काढली. युनिटसाठीचा ‘यू’, शेवटचं अनावश्यक शून्य आणि ठिपक्याआधी गाळलेलं शून्य हे तिन्ही त्या यादीत आहेत. ०.५ मधलं पहिलं शून्य लिहा, असं आपण पाचवी-सहावीत सांगतो तेव्हा मुलांना ती शिस्तीची कटकट वाटते. त्या शून्यामागे कुणाचा तरी जीव असू शकतो, हे सांगायला हरकत नाही.

रुग्णाची भाषा

आतापर्यंत पाहिली ती डॉक्टर-परिचारिकांची आपसातली भाषा. पण परिचारिकेचा दिवस रुग्णाशी बोलण्यात जातो, आणि रुग्ण ग्रीक बोलत नाही. इंग्रजीतही दोन थर आहेत. कागदावर ‘इडिमा’, रुग्णाशी बोलताना ‘स्वेलिंग’. कागदावर ‘प्रुरायटस’, बोलताना ‘इचिंग’. कागदावर ‘अर्टिकेरिया’, बोलताना ‘हाइव्ज’. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या परिचारिकांना दोन्ही थर लागतात. ऑस्ट्रेलियात तयार झालेली ‘ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट’ ही खास आरोग्यसेवकांची परीक्षा आहे, आणि ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या नोंदणीसाठी ती २०१७ पासून ग्राह्य धरली जाते. तिच्या तोंडी भागात उमेदवारानं रुग्णाशी किंवा त्याच्या नातेवाइकाशी संवाद साधायचा असतो. अवघड शब्द फेकून तिथं भागत नाही. समोरच्याला समजेल असं बोलता यावं लागतं.

महाराष्ट्रात याच्यावर तिसरा थर चढतो तो मराठीचा. ‘पिशवी काढली आहे’ असं बाई सांगतात, त्याची नोंद ‘हिस्टरेक्टॉमी’. ‘दिवस गेले आहेत’, ‘अंगावरून जातं’, ‘पित्त उठलंय’, ‘घसा बसलाय’ यांतलं एकही वाक्य शब्दशः इंग्रजीत नेता येत नाही. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या अनेक परिचारिका काम करतात. त्यांनाही ही वाक्यं शिकावी लागतात, आणि ती कुठल्याच पाठ्यपुस्तकात नसतात.

ओळखीचा वाटणारा शब्द तर अनोळखी शब्दापेक्षा जास्त फसवतो. १९८० साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात एका अठरा वर्षांच्या मुलाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणलं. घरच्यांची भाषा स्पॅनिश. त्यांनी ‘इंतोक्सिकादो’ हा शब्द वापरला. काहीतरी खाण्या-पिण्यातून बाधलंय, असं त्यांना म्हणायचं होतं. डॉक्टरांना त्यात इंग्रजीतला ‘इंटॉक्सिकेटेड’ ऐकू आला, आणि अमली पदार्थ जास्त झाल्याचे उपचार सुरू झाले. खरं तर मेंदूत रक्तस्राव होत होता. तो लक्षात येईपर्यंत उशीर झाला आणि मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाष्याला बोलवावं असं कुणालाच वाटलं नाही, कारण आपल्याला समजलं आहे अशी दोन्ही बाजूंची खात्री होती.

वेदनेचे शब्द तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहेत. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात वेदनेचं वर्णन करणारे ७८ इंग्रजी शब्द २० गटांत मांडले होते. दुखणं कसं आहे यावरून कारणाचा अंदाज बांधायला मदत होते. ‘थ्रॉबिंग’ म्हणजे ठसठस किंवा ठणका, ‘शूटिंग’ म्हणजे सणक, ‘बर्निंग’ म्हणजे आग होणं, ‘क्रॅम्पिंग’ म्हणजे मुरडा किंवा पेटका, ‘टिंग्लिंग’ म्हणजे मुंग्या येणं. मराठी या बाबतीत मुळीच गरीब नाही. उलट काही ठिकाणी ती इंग्रजीपेक्षा नेमकी आहे. इंग्रजीत ‘डिझी’ म्हटलं की डॉक्टरला पुन्हा विचारावं लागतं, म्हणजे नक्की काय होतं? मराठी माणूस आधीच सांगून मोकळा होतो : ‘गरगरतंय’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ किंवा ‘तोल जातो’. गरगरणं बहुतेकदा कानाच्या आतल्या भागाकडे बोट दाखवतं, उठताना अंधारी येणं रक्तदाबाकडे, तर चालताना तोल जाणं चेतासंस्थेकडे. परिचारिकेनं तिन्हींसाठी नुसतं ‘गिडिनेस’ लिहिलं, तर रुग्णानं दिलेली मोलाची माहिती कागदावर येण्याआधीच हरवते.

वर्गात करून पाहण्यासारखं

पहिला उपक्रम पत्त्यांचा. वरचे दहा मूळशब्द, आठ प्रत्यय आणि हायपर, हायपो, पेरी, डिस, अ-अन् हे उपसर्ग वेगवेगळ्या कार्डांवर लिहा. मुलांनी जोड्या लावून अर्थ सांगायचा आणि असा शब्द खरंच आहे का, ते शब्दकोशात पाहायचं. दुसरा उपक्रम दुखण्याचे शब्द गोळा करण्याचा. आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून प्रत्येकानं दहा शब्द आणायचे, आणि प्रत्येक शब्द कुठल्या अवयवाच्या, कशा दुखण्यासाठी वापरतात ते लिहायचं. कोकणातले, वऱ्हाडातले, खानदेशातले शब्द वेगळे निघतील. गावच्या आरोग्यसेविकेला ही यादी दाखवा, तिच्याकडून भरही पडेल. तिसरा उपक्रम फोनचा. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसतात. एकानं औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ सांगायची, दुसऱ्यानं लिहून परत वाचायची. आजूबाजूला वर्गाला गोंगाट करू द्या, वॉर्डात तो असतोच. शेवटी लिहिलेला कागद आणि सांगितलेली सूचना शेजारी ठेवून किती ठिकाणी फरक पडला ते मोजा, आणि परत वाचून न दाखवता तोच खेळ पुन्हा खेळून दोन्ही आकडे फळ्यावर लिहा.